लिनक्सवरील परके डेस्कटॉप : सुसंगतीच्या प्रश्नाची चिकित्सा

बीजसंज्ञा : लिनक्स, डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, वितरण, पॅकेज, सुसंगती, डी-बस, ग्नोम, माते, डीपिन

प्रास्ताविक

मुक्त सॉफ्टवेअरच्या गौरवपर लेखनात एक विधान हटकून आढळते. लिनक्सच्या वापरकर्त्याला आपल्या संगणकाचे दर्शनी रूप स्वतः निवडता येते. एक डेस्कटॉप आवडला नाही तर दुसरा बसवावा, तोही नकोसा झाला तर तिसरा. हे विधान खोटे नाही. डेबियन किंवा उबंटू यांसारख्या वितरणावर एका आज्ञेसरशी केडीई, एक्सएफसीई किंवा सिनॅमन उतरवता येतो आणि पुढच्या वेळी लॉगिन स्क्रीनवर नव्या सत्राचे नाव दिसू लागते. तथापि, अशा संगणकावर काही दिवस काम केल्यानंतर जे अनुभवास येते त्याची नोंद या गौरवात क्वचितच घेतली जाते. सूचनांच्या चौकटी भलत्याच रूपात उमटतात. कर्सरचा आकार आणि अक्षरांचा टंक आपोआप बदलतो. जतन केलेले पासवर्ड पुन्हा विचारले जातात. स्क्रीनला कुलूप लावण्याची सोय नाहीशी होते. नवा डेस्कटॉप काढून टाकल्यावरही त्याच्या खुणा मागे उरतात.

या तक्रारींना सामान्यतः सुटे दोष मानले जाते आणि प्रत्येकीवर स्वतंत्र उतारा सुचविला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून भिन्न आहे. सुसंगती हा डेस्कटॉपचा अंगभूत गुण नाही. ते वितरण तयार करणाऱ्यांनी केलेले श्रम आहेत. ज्या डेस्कटॉपसाठी हे श्रम त्या वितरणात कोणी केलेले नाहीत, त्याला येथे 'परका' म्हटले आहे, मग तो वितरणाच्याच भांडारातून आलेला असो वा बाहेरून जोडलेल्या भांडारातून. निवडीचे स्वातंत्र्य जाहीर करताना हे श्रम अदृश्य राहतात आणि परका डेस्कटॉप बसवताच त्यांचा संपूर्ण भार वापरकर्त्याच्या शिरावर येऊन पडतो.

एका म्यानात दोन तलवारी

लिनक्सच्या जगात डेस्कटॉप एकच असावा असे कधी घडलेच नाही. १९९६ साली माथियास एट्रिश यांनी केडीई प्रकल्पाची घोषणा केली. केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर उभा होता तिचा परवाना त्या काळी पूर्णतः मुक्त नव्हता, म्हणून १९९७ साली मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा प्रारंभ केला. हे दोन प्रवाह परस्परांना अगदीच अनोळखी राहू नयेत यासाठी २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग या व्यासपीठाची स्थापना केली. मेनूतील नोंदी कशा लिहाव्यात, सत्राच्या आरंभी कोणते प्रोग्रॅम सुरू व्हावेत, कोणत्या प्रकारची फाइल कशाने उघडावी, अशा बाबींचे सामायिक संकेत तेथे ठरत गेले. एका डेस्कटॉपसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर आज चालतो तो या संकेतांमुळेच. त्यांचे हे ऋण मान्य करावयास हवे.

परंतु प्रोग्रॅम आणि डेस्कटॉप यांत प्रकारभेद आहे. दोन वेब ब्राउझर एका संगणकावर सुखाने नांदतात. दोन डेस्कटॉप तसे नांदत नाहीत. डेस्कटॉप म्हणजे केवळ खिडक्या आणि पट्ट्या नव्हेत. सूचना दाखविणारी सेवा, पासवर्ड जपणारी तिजोरी, प्रशासकीय परवानगी विचारणारा मध्यस्थ, पडदा कुलूपबंद करणारी यंत्रणा, कळफलकाच्या मांडणीची व्यवस्था या साऱ्यांचा तो समुच्चय असतो. यांतील बहुतेक जागा अशा आहेत की एका सत्रात त्यांवर एकालाच बसता येते.

सूचनांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. डी-बस या संदेशवहन व्यवस्थेत सूचना-सेवेसाठी एकच ठरीव नाव आहे आणि ते एका वेळी एकाच प्रोग्रॅमला धारण करता येते. प्रत्येक डेस्कटॉप आपल्यासोबत 'हे नाव मागितले गेले तर मला सुरू करा' अशी एक छोटी नोंद-फाइल आणतो. तीन डेस्कटॉप बसविलेल्या संगणकावर अशा तीन नोंदी असू शकतात आणि तिन्हींत नाव तेच असते. सत्र सुरू होत असताना डेस्कटॉपची स्वतःची सेवा जागी होण्यापूर्वीच एखाद्या प्रोग्रॅमने सूचना पाठविली, तर त्या नोंदींपैकी कोणतीही एक सेवा सुरू होऊन जागा बळकावते. मग केडीईच्या सत्रात मातेच्या किंवा एक्सएफसीईच्या चौकटी उमटू लागतात. यात कोणत्याही एका प्रोग्रॅमचा दोष नाही. प्रत्येकाने संकेत पाळलेलाच असतो. प्रशासकीय परवानगी विचारणाऱ्या पोलकिट-मध्यस्थाचीही तीच कथा. एका सत्रात त्याची एकदाच नोंदणी होते, दुसरा आला तर त्याला नकार मिळतो. सत्राच्या आरंभी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत 'केवळ अमुक डेस्कटॉपमध्येच सुरू व्हावे' अशी ओळ घालण्याची सोय फ्रीडेस्कटॉपच्या संकेतात आहे. ही ओळ घालण्यास पॅकेज बांधणारा विसरला की तो प्रोग्रॅम सर्वांच्या सत्रात हजर होतो.

येथे एक मूलभूत विसंगती लक्षात येते. वितरणाचा पॅकेज-व्यवस्थापक फाइलींचा संघर्ष ओळखतो, सेवांचा ओळखत नाही. दोन पॅकेजे एकाच ठिकाणी एकाच नावाची फाइल ठेवू लागली तर डीपीकेजी किंवा आरपीएम तत्काळ हरकत घेतात. परंतु दोन वेगळ्या नावांच्या फाइली एकाच सेवेवर हक्क सांगत असतील तर त्याविषयी त्यांना काहीच ठाऊक नसते. स्थापना निर्वेध पार पडते, संगणक 'सर्व अवलंबने पूर्ण झाली' असे सांगतो आणि वापरकर्ता त्याचा अर्थ 'सर्व सुसंगत आहे' असा घेतो. या दोन विधानांतील अंतर म्हणजेच परक्या डेस्कटॉपची समस्या होय.

कुलुपाच्या बाबतीत हे अंतर गंभीर रूप धारण करते. ग्नोमचे कुलूप जीडीएम या त्याच्या स्वतःच्या लॉगिन-व्यवस्थापकावर अवलंबून आहे. केडीई बसविताना एसडीडीएम हा त्याचा लॉगिन-व्यवस्थापक सोबत येतो आणि डेबियन कुळातील वितरणे त्या वेळी 'यांपैकी कोणता ठेवावयाचा' असा प्रश्न विचारतात. प्रश्न दिसण्यात इतका निरुपद्रवी असतो की बहुतेक जण नव्याचे नाव निवडून पुढे जातात. त्यानंतर ग्नोमच्या सत्रात परतल्यावर पडद्याला कुलूप लागत नाही. विभागातील सामायिक खोलीत उत्तरपत्रिकांचे गुण भरता भरता उठून तासाला जाणाऱ्या प्राध्यापकाच्या दृष्टीने ही बाब केवळ सौंदर्याची राहत नाही.

नाव बदलण्याचे सौजन्य

या समस्येला डेस्कटॉप रचणाऱ्यांनी दिलेल्या प्रतिसादांत सर्वांत विचारपूर्वक दिलेला प्रतिसाद मातेचा आहे, असे म्हणावे लागते. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि २००२ पासून चालत आलेली दुसऱ्या आवृत्तीची पट्ट्या-मेनूंची रचना तिने मोडीत काढली. त्याच महिन्यात उबंटूनेही युनिटी हा आपला डेस्कटॉप मुख्य म्हणून स्वीकारला. जुन्या रचनेचे चाहते त्यामुळे निराधार झाले. त्याच वर्षी आर्च लिनक्स वापरणाऱ्या अर्जेंटिनातील एका विकासकाने ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीची स्वतंत्र शाखा काढली आणि दक्षिण अमेरिकेतील एका पेयवनस्पतीवरून तिला 'माते' हे नाव दिले. मराठी कानाला हे नाव भलतेच ओळखीचे वाटते, हा निव्वळ योगायोग.

शाखा काढताना अडचण अशी होती की ग्नोमच्या दोन्ही आवृत्त्यांतील प्रोग्रॅमची, सेवांची आणि मांडणी-साठ्यांची नावे तीच होती. दोन्ही एका संगणकावर ठेवायचे तर एकाला नाव सोडणे भाग होते. मातेने ते सोडले. फाइली हाताळणारा नॉटिलस 'काजा' झाला, म्हणजे स्पॅनिशमध्ये पेटी. जीएडिट 'प्लुमा' झाला, म्हणजे पीस किंवा लेखणी. एव्हिन्स 'आत्रिल' झाला, म्हणजे ग्रंथ ठेवण्याची घोडी. मेटासिटी हा विंडो मॅनेजर 'मार्को', म्हणजे चौकट. नामांतर वरवरचे नव्हते. लायब्ररी आणि मांडणीच्या कळा यांनाही मातेचे नाव मिळाले. हे काम कंटाळवाणे असते, त्यातून वापरकर्त्याला एकही नवी सोय मिळत नाही आणि त्याची प्रशंसा कोणी करीत नाही. परंतु आज माते आणि ग्नोम शेजारी शेजारी बसविले तर फाइलींचा तंटा होत नाही, तो या कामामुळेच.

ट्रिनिटीने वेगळा मार्ग पत्करला. जानेवारी २००८ मधील केडीईच्या चौथ्या आवृत्तीने नाराज झालेल्यांसाठी २०१० साली जुन्या तिसऱ्या आवृत्तीची ही शाखा निघाली. तिने आपला सारा पसारा 'ऑप्ट' या निराळ्या निर्देशिकेखाली मांडला आणि वापरकर्त्याच्या मांडण्याही स्वतंत्र जागी ठेवल्या. घर वाटून घेण्याऐवजी अंगणात दुसरी खोली बांधावी तसे हे झाले. फाइलींचा प्रश्न त्याने सुटला. मात्र डी-बसवरील एकेकट्या जागांचा प्रश्न भिंत बांधल्याने सुटत नाही.

याउलट बजी, युनिटी आणि एलिमेंटरीचा पँथिऑन यांनी भित्तिचित्र, कर्सर, टंक यांच्या मांडण्या ग्नोमच्याच नावाच्या कळांत ठेवणे पसंत केले. त्यात काटकसर आहे, हे खरे. परंतु एका सत्रात बदललेला टंक दुसऱ्या सत्रात बदललेला दिसतो तो त्यामुळेच, आणि वापरकर्ता मात्र आपल्या हातून काही बिघडले असे समजून शोध घेत बसतो. सिनॅमन आणि माते यांच्या कळा त्यांच्या स्वतःच्या नावाच्या असल्यामुळे हा त्रास तेथे पुष्कळ कमी होतो.

उसनी अंगे

नावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न उसनवारीचा आहे. ग्नोमचा विंडो मॅनेजर 'मटर' हा लायब्ररीच्या रूपातही मिळतो आणि त्यावर इतरांना आपला डेस्कटॉप उभारता येतो. पँथिऑनचा गाला आणि दीर्घकाळ बजीही त्यावरच उभे होते. परंतु ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि मटरची अंतर्गत रचना प्रत्येक वेळी थोडीफार बदलते. मटर ग्नोमसाठी लिहिला जातो. इतर कोण त्यावर अवलंबून आहे याची चिंता वाहणे हे त्याच्या विकासकांनी कधी कर्तव्य मानलेले नाही आणि तशी अपेक्षा ठेवणेही पूर्णतः न्याय्य नाही. वितरणाच्या भांडारात सहसा मटरची एकच आवृत्ती असते. ती ग्नोमसाठी पुढे सरकली की परक्या डेस्कटॉपने तिच्यामागे धावावे, नाहीतर बाद व्हावे. या धावपळीतून सुटण्यासाठी बजीने १०.७ या आवृत्तीत 'मॅगपाय' नावाची मटरची आपली शाखा घेतली.

सिनॅमनची वाटचाल याबाबतीत अभ्यसनीय आहे. लिनक्स मिंटने घडविलेला हा डेस्कटॉप आरंभी ग्नोमवर चढविलेला मुखवटा होता. सत्र सांभाळणे, मांडण्या लागू करणे ही कामे ग्नोमच्याच सेवा करीत. त्यामुळे वितरणातील ग्नोमची आवृत्ती बदलली की सिनॅमनच्या पायाखालची जमीन सरकत असे. ऑक्टोबर २०१३ मधील २.० या आवृत्तीने त्या सेवांच्या स्वतःच्या शाखा घेतल्या आणि सिनॅमन खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला. या स्वातंत्र्याची किंमतही मोजावी लागली. मटरपासून फोडलेला त्याचा 'मफिन' मूळ प्रवाहापासून वर्षानुवर्षे दूर जात राहिला आणि २०२२ मधील ५.४ या आवृत्तीत तो मटरच्या ३.३६ या आवृत्तीवर नव्याने बेतावा लागला. उसने घेतले तर धन्याच्या मर्जीवर राहावे लागते आणि स्वतःचे केले तर ते जन्मभर पोसावे लागते. तिसरी वाट अद्याप कोणाला सापडलेली दिसत नाही.

युनिटीचे वर्तन मात्र समर्थनीय मानता येत नाही. पडद्याच्या शिरोभागी सर्व प्रोग्रॅमचे मेनू दाखविण्यासाठी सुरुवातीच्या काळात त्याला जीटीके या सामायिक लायब्ररीतच फेरफार करावे लागले. उबंटूमध्ये हे फेरफार आधीच केलेले असल्यामुळे तेथे सारे सुरळीत चाले. आर्च लिनक्सवर युनिटी आणण्याचा जो प्रयत्न काही स्वयंसेवकांनी केला, त्यात जीटीकेसह ग्नोमची अनेक मूळ पॅकेजे काढून त्या जागी उबंटूची फेरफार केलेली रूपे बसवावी लागत. म्हणजे परका डेस्कटॉप बसविण्यासाठी घराचा पायाच परका करून घ्यायचा! संहिता सर्वांना खुली असणे आणि ती सर्वांना प्रत्यक्ष वापरता येणे यांतील तफावत याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते. एप्रिल २०१७ मध्ये कॅनॉनिकलने युनिटीचा विकास थांबविण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षीच्या १७.१० या आवृत्तीपासून उबंटू ग्नोमकडे परतले.

डीपिनचे प्रकरण

सुसंगतीचा प्रश्न सोयीपुरता मर्यादित आहे, असे मानणाऱ्यांनी ओपनसुसेमधील डीपिनच्या प्रकरणाकडे अवश्य लक्ष द्यावे. डीपिन हा चीनमध्ये घडविलेला, दिसावयास अत्यंत देखणा डेस्कटॉप. त्याचे अनेक घटक प्रशासकीय अधिकाराने चालतात आणि डी-बस व पोलकिट यांच्यामार्फत सामान्य प्रोग्रॅमच्या विनंत्या स्वीकारतात. सुसेच्या नियमानुसार असा प्रत्येक घटक भांडारात येण्यापूर्वी सुरक्षा-चमूच्या तपासणीतून जावा लागतो. डीपिनच्या घटकांची तपासणी २०१७ पासून सुरू होती, त्यांत पुनःपुन्हा दोष आढळत होते आणि अनेक घटकांना मान्यता मिळत नव्हती.

मे २०२५ मध्ये या चमूने जाहीर केले की, डीपिनच्या पॅकेजांत २०२१ पासून एक असे पॅकेज होते, जे वापरकर्त्यापुढे संमतीची चौकट ठेवी आणि 'हो' म्हणताच तपासणी न झालेल्या त्या फाइली प्रणालीत बसवी. फाइली गठ्ठ्याच्या आत बंद असल्यामुळे त्या ओळखणारी स्वयंचलित चाळणी चुकविली गेली होती. हा प्रकार जानेवारी २०२५ मध्ये लक्षात आला आणि त्यानंतर डीपिन डेस्कटॉप ओपनसुसेच्या भांडारातून काढून टाकण्यात आला.

या प्रकरणाचा दोष केवळ एका पॅकेज बांधणाऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु त्याच्यापुढील पेच खरा होता. त्या घटकांवाचून डेस्कटॉप अर्धवट चालतो आणि घटक तर मान्य होत नाहीत. एका वितरणासाठी, तेथील गृहीतकांवर रचलेली वस्तू दुसऱ्याच्या नियमांत बसविताना मध्ये जी फट राहते, ती कोणीतरी बुजवावी लागते. मातेने ती नावे बदलून बुजविली, येथे ती नियमाला बगल देऊन बुजविली गेली. आणि 'मान्य आहे' ही कळ दाबणाऱ्याला आपण नेमके कशाला मान्यता देत आहोत हे कळण्याचा काही मार्ग होता, असे म्हणवत नाही. निवडीचे स्वातंत्र्य अशा ठिकाणी जबाबदारी ढकलण्याचे साधन बनते.

मराठी टंकनाचा अनुभव

मराठी वापरकर्त्याला या साऱ्याची पहिली झळ बहुधा कळफलकावर लागते. लिनक्सवर मराठी टंकनाचे दोन स्तर आहेत. इनस्क्रिप्टसारखी मांडणी एक्सकेबी या मूळ कळफलक-व्यवस्थेतूनच मिळते. रोमन अक्षरांवरून लिप्यंतर करणाऱ्या उच्चारानुसारी टंकनासाठी मात्र आयबससारखी स्वतंत्र निविष्टी-सेवा लागते. ग्नोमने २०१२ मधील ३.६ या आवृत्तीपासून आयबस आपल्या अंगातच सामावून घेतला. त्यामुळे ग्नोमच्या मांडणीत 'मराठी' जोडली की काम झाले, पाठीमागे आयबस आहे याचा पत्ताही लागत नाही. तीच व्यक्ती एक्सएफसीईच्या सत्रात गेली की ग्नोमच्या कळांत नोंदविलेली ती मराठी तेथे कोणी वाचत नाही. आयबस सुरू करणे, जीटीके आणि क्यूटी या दोन्ही लायब्ररींना त्याचा पत्ता सांगणारी चले ठरविणे, ही कामे वितरणाने केलेली असतील तर ठीक, नाहीतर स्वतःची स्वतः करावी लागतात. पैकी एकच चल ठरविले गेले तर एका खिडकीत मराठी उमटते आणि शेजारच्या खिडकीत रोमन. टंकन बिघडले असे समजून अनेक जण फॉन्ट बदलत बसतात. फॉन्टचा येथे काहीही संबंध नसतो.

वेलँड या नव्या चित्रण-व्यवस्थेने या चित्रात आणखी एक बदल घडविला आहे. जुन्या एक्स-विंडो व्यवस्थेत विंडो मॅनेजर हा सुटा घटक होता आणि एकाची पट्टी, दुसऱ्याच्या खिडक्या असा संसार थाटता येई. वेलँडमध्ये खिडक्या रचणारा आणि चित्र पडद्यावर पोहोचविणारा एकच असतो, आणि टंकनाची निविष्टीही त्याच्याच हातून जाते. केडीईच्या प्लाझ्मामध्ये वेलँड सत्रात आयबस चालवायचा तर तो 'आभासी कळफलक' या शीर्षकाखाली निवडावा लागतो. तेथे मराठीचा शोध घेण्याचे कोणाला सहजी सुचणार नाही. सप्टेंबर २०२५ मधील ग्नोम ४९ मध्ये एक्स-विंडोचे सत्र मूळ मांडणीतच बंद ठेवलेले आहे. एका डेस्कटॉपचे सुटे भाग दुसऱ्यात बसविण्याची जी मुभा एक्स-विंडोच्या काळात होती, ती यापुढे आक्रसतच जाणार, आणि महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात लिनक्स बसवू पाहणाऱ्यांनी डेस्कटॉप निवडून मग वितरण शोधण्याऐवजी, ज्या वितरणाने तो डेस्कटॉप आणि मराठी निविष्टी या दोहोंची एकत्र जुळणी करून दिलेली आहे असे वितरण आधी पाहावे, हेच अधिक सयुक्तिक ठरते.